पेटंट, अनुदान की सरळ बाजार: लहान कारखानदाराने काय निवडावे

कोल्हापूर परिसरातील उद्यमनगरात, शिरोलीत, गोकुळ शिरगावात किंवा कागलच्या पंचतारांकित वसाहतीत ज्याच्या हातून एखादी नवी वस्तू घडली आहे, त्याला चार माणसे हटकून एकच सल्ला देतात, की आधी पेटंट घे. पाचवा कोणीतरी सांगतो, की सरकारी योजना आहे, तिचा अर्ज भर. वस्तू घेऊन थेट गिऱ्हाइकाकडे जा, असे सांगणारा क्वचितच भेटतो. ज्याला हा निर्णय येत्या काही महिन्यांत घ्यायचा आहे, त्याच्यासाठी या तिन्ही वाटांची तुलना मी येथे करतो आहे. पेटंट किती वर्षांचे असते, अर्ज कोठे करायचा, ही माहिती त्याच्याकडे असणार असे मी धरून चालतो. मी स्वतः हा निर्णय घेतलेला आहे. माझा अनुभव मात्र यांत्रिक कामाचा आणि लहान कारखान्याचा आहे. औषधाच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या क्षेत्रातील माणसाने तो आपल्या हिशेबाने पारखून घ्यावा.

आमच्याकडे फौंड्रीतून येणाऱ्या पातळ भिंतीच्या कास्टिंगचे मशिनिंग होते. असा जॉब, म्हणजे मशीनवर चढवलेला नग, त्याला धरून ठेवणाऱ्या फिक्स्चरवर आवळला की तो क्लॅम्पखाली किंचित दबतो. दबलेल्या अवस्थेत बोअर, म्हणजे आतले भोक, अगदी गोल निघते, आणि क्लॅम्प सोडताच जॉब मूळ आकारावर येऊन तेच बोअर ओव्हल होते. मशीनवर डायलचा काटा स्थिर असतो आणि तपासणीच्या टेबलावर तोच जॉब रिजेक्ट होतो. यावर उपाय म्हणून क्लॅम्पच्या बरोबर खाली, कास्टिंगच्या खडबडीत पृष्ठभागाला आपोआप टेकणारा आणि मग जागच्या जागी लॉक होणारा टेकू वापरतात. ही कल्पना जुनी आहे. तिची अडचण अशी, की लॉक करताना टेकू बऱ्याचदा केसभर वर सरकतो आणि जॉबला खालून ढकलतो, म्हणजे एक दाब काढायला जावे तर दुसरा येतो. आमची रचना टेकूला पाचरीने बाजूने पकडते, त्यामुळे तो वर सरकत नाही. पाचरीचा कोन, तिच्या तोंडाचे ग्राइंडिंग आणि स्प्रिंगची ताकद या तीन गोष्टींचा मेळ बसवण्यातच सगळा वेळ गेला, आणि तो बसेपर्यंत बरीच कास्टिंगे भंगारात गेली.

पेटंटच्या बाजूने जे सांगितले जाते ते पोकळ नाही, आणि ते नीट मांडायला हवे. ज्याने वर्षे आणि पैसे घातले त्याला काही काळ एकट्याने कमावण्याचा हक्क मिळाला नाही तर पुढच्या वेळी कोणीच वर्षे आणि पैसे घालणार नाही. आणि या हक्काच्या बदल्यात त्याने आपली युक्ती जगाला सांगायची, म्हणजे मुदत संपल्यावर ती सर्वांची होते. जेम्स वॅटला वाफेच्या इंजिनाच्या स्वतंत्र कंडेन्सरचे पेटंट १७६९ मध्ये मिळाले आणि ब्रिटिश संसदेने १७७५ मध्ये खास कायदा करून त्याची मुदत १८०० पर्यंत वाढवली. ही मुदतवाढ नसती तर कारखानदार मॅथ्यू बोल्टनने त्यात भांडवल घातले असते का, हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर बहुधा नाही असेच आहे. पण त्याच पेटंटमुळे जोनाथन हॉर्नब्लोअरच्या दोन सिलिंडरच्या इंजिनाची वाट अडली, आणि उच्च दाबाच्या वाफेवर चालणारे रिचर्ड ट्रेव्हिथिकचे इंजिन पुढे आले ते वॅटच्या पेटंटची मुदत संपण्याच्या सुमारास. त्यानंतर कॉर्नवॉलच्या खाणींत जे घडले ते मला अधिक बोलके वाटते. तेथे १८११ पासून एक मासिक अहवाल निघू लागला आणि कोणत्या खाणीवरचे इंजिन किती कोळशात किती पाणी उपसते, हे त्यात उघडपणे छापले जाऊ लागले. तेथील इंजिनिअर एकमेकांच्या सुधारणा पाहत, उचलत आणि त्यांवर आपली भर घालत. पेटंट घेण्याकडे त्यांचा कल नव्हता. पुढच्या तीन-चार दशकांत तेवढ्याच कोळशात होणारे काम कित्येक पटींनी वाढले.

उद्यमनगरातली जुनी मंडळी ऑइल इंजिनांच्या काळाबद्दल जे सांगतात ते याहून फारसे वेगळे नाही. एका शेडमध्ये शिकलेला फिटर दुसऱ्या शेडमध्ये गेला किंवा त्याने स्वतःची शेड टाकली, की ज्ञानही त्याच्याबरोबर जाई. मालक चार दिवस रागावे आणि पाचव्या दिवशी त्याच्याकडूनच एखादा पार्ट करून घेई. त्याही आधी, १९१८ च्या सुमारास, बाबूराव पेंटर आणि विष्णुपंत दामले यांनी याच गावात चलच्चित्राचा कॅमेरा स्वतःच्या हातांनी तयार केला. चित्रपट काढायचे होते आणि त्यासाठी कॅमेरा हवा होता, एवढेच त्यामागचे कारण होते.

गावाचा अभिमान हा पुरावा होत नाही, हे मला मान्य आहे. म्हणून अभ्यासकांनी जे मोजले आहे तेही सांगतो. पेट्रा मोझर यांनी १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनातील वस्तूंचा अभ्यास केला, तेव्हा ब्रिटनने मांडलेल्या नव्या वस्तूंपैकी जेमतेम नवव्या हिश्शाला पेटंट होते असे दिसले. ज्या देशांत पेटंटचा कायदाच नव्हता तेथेही नवे घडत होते. फक्त ते घड्याळे, शास्त्रीय उपकरणे आणि खाद्यप्रक्रिया अशा, जेथे युक्ती कारखान्याच्या भिंतीआड राहू शकते अशा क्षेत्रांत एकवटले होते. नेदरलँड्सने १८६९ मध्ये पेटंटचा कायदा रद्द केला आणि तो १९१२ पर्यंत परत आणला नाही. याच अवधीत, १८९१ मध्ये, आइंडहोवेनला फिलिप्स कंपनीचा दिव्यांचा कारखाना सुरू झाला. जॉश लर्नर यांनी साठ देशांच्या दीडशे वर्षांतील पेटंट कायद्यांचे बदल तपासले. कायदा कडक केल्याने त्या देशातील लोकांचे शोध वाढले, असे त्यांना आढळले नाही. अमेरिकेतील कारखानदारांना तुम्ही आपल्या नव्या वस्तूचा फायदा कशाने टिकवता असे विचारले गेले, तेव्हा बहुतेक उद्योगांतून गुप्तता आणि बाजारात आधी पोहोचणे ही उत्तरे पेटंटच्या पुढे आली.

औषधांचे मात्र वेगळे आहे. रेणू एकदा माहीत झाला की तो बनवणे सोपे, आणि तो माणसाला चालतो हे सिद्ध करण्याचा खर्च अवाढव्य. तेथे पेटंट नसेल तर तो खर्च कोणी उचलावा, याचे समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही. तरीही आपल्या देशाचा अनुभव दोन्ही बाजूंनी वाचता येतो. १९७० च्या कायद्याने औषधाच्या पदार्थाला पेटंट नाकारले, केवळ बनवण्याच्या पद्धतीला दिले, आणि २००५ पर्यंतच्या त्या काळातच भारतीय औषध उद्योग उभा राहिला. २०१२ मध्ये बायरच्या कर्करोगावरील औषधासाठी नॅटको कंपनीला सक्तीचा, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीशिवायचा, परवाना दिला गेला, तेव्हा महिन्याचा सुमारे २,८०,००० रुपयांचा खर्च ८,८८० रुपयांवर आला. हक्क किती द्यायचा हा प्रश्न किती नाजूक आहे, ते या दोन आकड्यांतील अंतर सांगते.

आता ज्या एका गोष्टीमुळे माझा निर्णय झाला तिच्याकडे येतो. खर्च हे त्याचे कारण नव्हते. उद्यम नोंदणी असलेल्या लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाचे शुल्क १,६०० रुपये आणि परीक्षणाच्या विनंतीचे ४,००० रुपये आहे; एजंटची फी वेगळी, पण तीही एका बऱ्या टूलिंगच्या ऑर्डरमधून निघते. खटकले ते असे. आम्ही आधी प्रोव्हिजनल अर्ज केला. त्यात कल्पना थोडक्यात सांगितली तरी चालते आणि पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. तो पूर्ण तपशील लिहायला बसलो तेव्हा एजंटने, जो त्याच्या कामात अगदी चोख होता, समजावून सांगितले, की कायद्याप्रमाणे नुसती रचना सांगून भागत नाही. ती अमलात आणण्याची तुम्हाला ठाऊक असलेली सर्वांत चांगली पद्धत लिहावी लागते. म्हणजे पाचरीचा कोन, ग्राइंडिंगची दिशा आणि स्प्रिंग कोणती, हे सगळे कागदावर. हाही व्यवहार मला न्याय्य वाटतो, कारण समाजाने हक्क द्यायचा तर समाजाला खरे ज्ञान मिळाले पाहिजे. पण अर्जाच्या तारखेपासून १८ महिने झाले की हे सगळे प्रसिद्ध होते, मग पेटंट मंजूर झालेले असो वा नसो. प्रसिद्धीच्या दिवसापासून अर्जदाराला हक्क मिळतात असे कायद्याचे कलम सांगते आणि तेच कलम पुढे म्हणते, की मंजुरी मिळेपर्यंत त्या हक्कासाठी दावा लावता येणार नाही.

हे कलम मी पुन्हा पुन्हा वाचले. मंजुरीची तारीख आपल्या हातात नसते. परीक्षकाच्या हरकती येतात, त्यांची उत्तरे द्यायची असतात, आणि मंजुरीपूर्वी कोणीही, अगदी कोणीही, विरोध दाखल करू शकतो. लहान उद्योगाला जलद परीक्षणाची सोय आहे आणि तिने हा काळ पुष्कळ कमी होऊ शकतो, हे सांगितलेच पाहिजे. तरीसुद्धा मधला एक अवधी असा उरतो, की माझे ड्रॉइंग, माझा कोन आणि माझी स्प्रिंग कोणालाही घरबसल्या, फुकट वाचता येईल, त्यावरून तो माल काढू लागेल, आणि मला त्याच्या शेडसमोरून रोज जावे लागले तरी काही करता येणार नाही. पुढे पेटंट मिळाल्यावर प्रसिद्धीपासूनच्या काळाची भरपाई मागता येते खरी. पण लहान कारखान्याला भरपाईपेक्षा ऑर्डर महत्त्वाची असते, आणि गेलेली ऑर्डर कोर्टाच्या हुकमाने परत येत नाही. आमच्या रचनेत जे पाहून उचलता येण्यासारखे होते ते कमी मोलाचे होते, आणि जे पाहून कळत नव्हते तेच खरे मोलाचे होते. आणि कायदा नेमके तेच मागत होता. आम्ही पूर्ण तपशील दिला नाही. १२ महिने संपले, अर्ज आपोआप बाद झाला, आणि असा बाद झालेला प्रोव्हिजनल अर्ज प्रसिद्ध होत नसल्यामुळे आमचा कोन आमच्याकडेच राहिला.

कोर्टाबद्दल थोडेच सांगतो, कारण तो अनुभव माझा नाही. दावा जिल्हा न्यायालयात किंवा त्याहून वरच्या न्यायालयात लावता येतो, आणि समोरच्याने तुमचे पेटंटच रद्द करा अशी उलट मागणी केली की प्रकरण उच्च न्यायालयात जाते. उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात बसू लागल्याने मुंबईची फेरी वाचू शकेल, पण वकील, तज्ज्ञ आणि तारखा यांचा भार तोच राहतो. शिवाय आपल्या देशात जर्मनी किंवा चीनसारखे छोट्या सुधारणांसाठीचे, कमी मुदतीचे आणि सोप्या नोंदणीचे उपयुक्तता पेटंट नाही. जर्मनीत ते १८९१ पासून आहे. आपल्याकडे ते असते तर माझा निर्णय कदाचित वेगळा झाला असता.

दुसरी वाट अनुदानाची आणि बक्षिसाची. केंद्राच्या सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या योजनेत भारतीय पेटंटसाठी १ लाख रुपयांपर्यंत आणि परदेशी पेटंटसाठी ५ लाखांपर्यंत प्रतिपूर्ती मिळते. प्रतिपूर्ती याचा अर्थ आधी आपण खर्च करायचा; आणि ती पेटंटसाठी असते, मशीनवर घालवलेल्या रात्रींसाठी नसते. संशोधनाच्या खर्चावर आयकरात जादा वजावट मिळत असे, ती दोनशे टक्क्यांवरून दीडशेवर आणि एप्रिल २०२० पासून शंभरावर आली. ती मिळवण्यासाठी संशोधन विभागाला सरकारी मान्यता लागते, त्यामुळे आमच्यासारख्यांना ती पूर्वीही लागू नव्हती.

बक्षिसांचा इतिहास मला पेटंटच्या इतिहासापेक्षा अधिक आवडतो, पण त्यालाही मर्यादा आहे. ब्रिटिश संसदेने १७१४ मध्ये समुद्रावर रेखांश मोजण्याच्या पद्धतीसाठी २०,००० पौंडांपर्यंतचे बक्षीस जाहीर केले. जॉन हॅरिसन या सुताराच्या मुलाने त्यासाठी घड्याळे बनवण्यात आयुष्य घातले आणि शेवटची मोठी रक्कम त्याच्या हाती पडली ती १७७३ मध्ये, तो ऐंशीला टेकलेला असताना, आणि तीही राजाकडे दाद मागितल्यानंतर. फ्रान्समध्ये निकोला आपेर याला अन्न टिकवण्याच्या पद्धतीसाठी १२,००० फ्रँक मिळाले, ते त्याने १८१० मध्ये आपली पद्धत छापून सर्वांना खुली करावी या अटीवर. प्रश्न आधीच माहीत असेल तर बक्षीस चांगले काम करते. जॉब ओव्हल होतो हा प्रश्न जिच्या समितीपुढे यावा, अशी बक्षीस देणारी संस्था माझ्या पाहण्यात नाही.

पैशाचे आमिष प्रत्यक्ष काम करणाऱ्याच्या मनावर काय परिणाम करते, याविषयी माझे मत आमच्याच शेडमध्ये बनले. आम्ही काही काळ प्रत्येक उपयुक्त सूचनेला रोख बक्षीस ठेवले होते. सूचना वाढल्या, हे खरे. पण त्या झाडूची जागा बदलण्यापासून डब्याला रंग देण्यापर्यंतच्या होत्या, आणि पूर्वी पाळी बदलताना एक टर्नर दुसऱ्याला जे सहज सांगून जाई ते आता खिशात राहू लागले, कारण सांगितलेल्या गोष्टीचे बक्षीस दुसऱ्यालाच मिळण्याची भीती होती. मग आम्ही ते बंद करून आठवड्यातील एक दुपार मोकळी ठेवली: मशीन मोकळे, बाद कास्टिंग हवी तितकी, आणि जॉब बिघडला तर कोणी विचारणार नाही. टेकूला बाजूने पकडून पाहण्याची कल्पना अशाच एका दुपारी आमच्या टर्नरच्या हातून आली. पुढे वाचनात आले, की मदुराईच्या परिसरातील खेड्यांत डॅन एरिएली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना खेळवजा कामे देऊन प्रत्येक कामासाठी कोणाला कमाल ४, कोणाला ४० तर कोणाला ४०० रुपये ठेवले, तेव्हा सर्वांत मोठी रक्कम समोर असलेल्यांची कामगिरी सर्वांत वाईट झाली. अमेरिकेतील जीवशास्त्रज्ञांच्या एका अभ्यासातही असे दिसले, की ज्यांना दीर्घ मुदतीचा आणि सुरुवातीचे अपयश चालवून घेणारा निधी मिळाला त्यांच्याकडून मोठे शोध अधिक आले, आणि फसलेले प्रयोगही अधिक आले. भंगारातली कास्टिंगे मला तेव्हा पटली.

तिसऱ्या, म्हणजे थेट बाजाराच्या वाटेविरुद्ध सर्वांत जड उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातले आहे आणि ते टाळणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या तुकड्यात निवड करत एचएमटी हे भाताचे वाण तयार केले. ते राज्याबाहेरही पसरले, व्यापाऱ्यांनी त्यावर कमावले, आणि दादाजींचे २०१८ मध्ये निधन झाले तेव्हाही त्यांची परिस्थिती हलाखीचीच होती. वाणाला आपल्याकडे पेटंट मिळत नाही, आणि शेतकऱ्याच्या वाणाची नोंद करणारा कायदा २००१ चा, म्हणजे ते वाण पसरल्यानंतरचा. येथे कोणताच हक्क नसण्याने अन्याय झाला, याबद्दल दुमत नाही. फरक मला इतकाच दिसतो, की बियाणे स्वतःची नक्कल स्वतः करते, एक मूठ नेली की पुढच्या वर्षी शेत भरते. टेकू नेला तर त्याच्यासारखा दुसरा बनवताना पाचरीच्या कोनाशी झगडावेच लागते.

आणि तसे लोक झगडत आहेत. आमच्यासारखे टेकू आता इतरही काही जण बनवतात. त्यांतले काही लॉक करताना वर सरकतात, एक मात्र उत्तम आहे आणि त्याने स्प्रिंग बसवण्याची जी पद्धत काढली ती पाहून आम्ही आमची बदलली. किमतीत आम्हाला थोडे उतरावे लागले. पण गिऱ्हाईक नवा जॉब घेऊन अजून आमच्याकडेच आधी येते, कारण कोणत्या कास्टिंगला टेकू कोठे द्यायचा हे ड्रॉइंगमध्ये नसते, ते जॉब हातात घेऊन ठरवावे लागते. पेटंटच्या मागे गेलेला वेळ आम्ही पुढच्या नमुन्यात घातला, आणि हिशेब न मांडताही मला खात्री वाटते, की तो तेथे अधिक फळला.

म्हणून माझा कल तिसऱ्या वाटेकडे आहे. ज्याचे मोल हातात आणि सवयीत आहे त्याने ते तेथेच ठेवावे आणि बाजारात लवकर जावे. वस्तूचे बाह्यरूपच विकले जात असेल तर डिझाइनची नोंदणी स्वस्त पडते आणि १० वर्षे, वाढवून १५ वर्षे संरक्षण देते; ती जरूर करावी. ज्याची वस्तू उघडून पाहिली की सगळे कळते, ज्याला ती स्वतः बनवायची नसून दुसऱ्या कंपनीला परवाना द्यायचा आहे, ज्याला गुंतवणूकदारासमोर काही ठोस ठेवायचे आहे, किंवा ज्याचे काम रसायनाचे आहे, त्याला मी पेटंटपासून परावृत्त करणार नाही.

ज्याचे अजून ठरत नाही त्याने प्रोव्हिजनल अर्ज करून ठेवावा आणि त्या १२ महिन्यांत काही नग विकून पाहावेत; पण अर्जाच्या आधी वस्तू कोणत्याही औद्योगिक प्रदर्शनात मांडू नये. प्रदर्शनात दाखवूनही नवेपणा टिकतो, पण केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनापुरताच, आणि तेथेही त्यानंतर १२ महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. आपल्याकडे वसाहतींच्या मैदानावर भरणारी प्रदर्शने तशी अधिसूचित आहेत का, हे स्टॉल घेण्यापूर्वी आयोजकांना लेखी विचारावे.